गुडघ्याचं माप

डिसेंबरात पहाटे साडेपाचला शिवाजी पुलावर
वारा पंचगंगेचं पाणी पिऊन आलेला असतो.
हात मोज्यांत, कान मफलरीत,
छाती जुन्या स्वेटरात सुखरूप,
पण पायडल फिरेल तसे गुडघे
एकेक करून पुढं होतात,
दारात कोण आलंय बघायला निघाल्यासारखे,
आणि वारा आधी त्यांनाच भेटतो.

सत्तावीस वर्षं मी एसटीच्या आरक्षण खिडकीत बसले.
गुडघे टेबलाखाली होते.
ते आहेत, हे कुणाला, मलासुद्धा,
सांगायची वेळ आली नव्हती.
निवृत्तीनंतर बोलायला लागलेत.
डावा जास्त.

राजारामपुरीतल्या दुकानात पोरानं
काळी चकचकीत तुमान काउंटरवर पसरली.
"काकू, विंडप्रूफ हाय. बावीसशे."
हात लावून पाहिला. पुढून मागून सारखीच.
वारा बाहेर अडणार आणि घाम आत.
म्हटलं, भावा, वारा काय मागनं येतोय व्हय?
तो हसला. त्याची मोटरसायकल बाहेर उभी होती.

मग औषधाच्या दुकानातली निकॅप,
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या रंगाची.
केर्लीपर्यंत घसरून पोटरीवर.
मग सुती लेगिंग. वाघबिळाच्या चढाला भिजली
आणि उताराला वाटीवर चिकटून बसली,
तापात कपाळावर ठेवतात त्या घडीसारखी.
मला ताप नव्हता.
मग ह्यांचे लोकरी पायमोजे, पंजे कापून.
ऊब आली. टोचलंही.
ह्यांनी तीन दिवस कपाट उपसलं,
मी काही बोलले नाही.

पद्मजा खाडे, जी कायम माझ्यापुढं असते
आणि मागं वळून कधी बघत नाही,
ती उतारापूर्वी वर्तमानपत्राची घडी
तुमानीत सरकवते, बरोबर वाटीवर.
मीही केलं एकदा. घरी येऊन काढलं तर
वधू पाहिजे, वधू पाहिजे, गृहकृत्यदक्ष,
घामानं उलटं उमटलेलं माझ्या कातडीवर.
दगडानं घासून काढलं.

खरं कळलं ते एका गवळ्यामुळं.
वडणग्याच्या फाट्यावर, धुक्यातनं,
समोरून शहराकडं निघालेला,
सायकलीला दोन्ही अंगांना किटल्या,
आणि दोन्ही गुडघ्यांवर पुढच्या बाजूनं
खताच्या पोत्याचे तुकडे,
मागं नुसती सुतळीची गाठ.
एका गुडघ्यावर "निव्वळ",
दुसऱ्यावर "वजन".
मी ब्रेक मारला. तो थांबला नाही.
दूध थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी इस्माईल शिकलगारांकडं गेले.
त्यांचा जन्म तालमीतल्या पोरांचे लंगोट शिवण्यात गेला.
म्हटलं, पुढं वारा न शिरणारं काहीतरी,
आतनं लोकर, मागं जाळी,
आणि चढ लागला की सायकलवरनं न उतरता
खाली सारता यावं.
त्यांनी गळ्यातली टेप काढली.
मी सरळ उभी राहिले, ओळखपत्राच्या फोटोसारखी.
"असं नव्हं, ताई. बसा. पाय वाकवा.
उभ्या गुडघ्याचं माप घेऊन शिवलं
तर वाकल्यावर रडायचं कुणी?"

स्टुलावर बसले. वाकवला.
त्यांनी वहीत लिहिलं:
उजवा पंधरा, डावा साडेपंधरा.
तो अर्धा इंच कुठनं आला, मी विचारलं नाही.
त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली
आणि कापडाकडं वळले.

आज घातलेत. एक शिवण जराशी वाकडी आहे.
गुऱ्हाळाचा धूर रस्त्यावर उतरलाय,
वारा येतो, वाटीवर ठोठावतो,
कडेनं निघून जातो उसात.
उजवा गप्प आहे.
डावा काहीतरी म्हणतोय,
पण लोकरीच्या आतनं,
नीट ऐकू येत नाही.

वाघबिळाच्या अलीकडं पद्मजा वळली.
मागं. पहिल्यांदाच.
"कुणाकडनं शिवलंस गं?"
सांगणार होते,
पण चढ सुरू झाला होता
आणि श्वास तेवढा शिल्लक नव्हता.